बंदोबस्त

बंदोबस्त हा शब्द मी अक्षरओळखीच्या आधी शिकले. दुसऱ्यांचे वडील कचेरीत जात, गिरणीत जात. आमचे आण्णा बंदोबस्ताला जात. गणपती आले की बंदोबस्त, मोहरम आला की बंदोबस्त. मोर्चा निघाला, पुढारी आला, तो परत गेला, वानखेडेवर क्रिकेटचा सामना झाला, की बंदोबस्त. सण म्हणजे घरातली सगळी माणसे एकत्र जमण्याचा दिवस, असे आमच्या मराठीच्या पुस्तकातल्या एका धड्यात होते. तो धडा वाचताना मला नेहमी वाटे की लिहिणाऱ्याला पोलीस लायन ठाऊक नसावी. आमच्याकडे आण्णा घरी नाहीत ही सणाची पहिली खूण होती.

आण्णा मुंबई पोलिसांत हवालदार होते आणि माझे बालपण नायगावच्या लायनीत गेले. उभ्या मुंबईत नरकचतुर्दशीची पहाट एकदाच होत असेल; आमच्या चाळीत ती दिवसातून तीन वेळा होई. सकाळच्या पाळीची माणसे तीन वाजताच अंघोळ उरकून, कारीट फोडून, चकलीचा तुकडा तोंडात टाकून पट्टा आवळीत जिना उतरत. रात्रपाळीची माणसे आठाला परतत. त्यांच्या घरी तेव्हा कुठे उटणे कालवले जाई. आणि ज्यांचा बंदोबस्त लांबला त्यांचे अभ्यंगस्नान भर दुपारी, कधी दिवेलागणीला. पाण्याचे पातेले स्टोव्हवर दहादा चढे आणि दहादा उतरे. आई ते कधी विझू देत नसे. "आता येतीलच," म्हणे. ती 'आता' हा शब्द किती लांब ओढता येतो याची परीक्षा मी लहानपणीच पाहिली.

लायनीतल्या किल्ल्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आम्ही मुले दिवाळीत किल्ला करीत असू. माती आणायची कुठून हा मुंबईत मोठाच प्रश्न. पण तो सुटे. महाराज सिंहासनावर, खाली मावळे, तळ्यात आरशाचा तुकडा, हळिवाचे शेत, सगळे रीतसर. फक्त मुख्य दरवाजात आम्ही खाकी रंगाचा एक मातीचा शिपाई उभा करीत असू. कुणाच्या तरी घरी आलेल्या एका पाहुण्याने विचारले, "अरे, महाराजांच्या वेळी खाकी कुठली?" तेव्हा शेजारच्या जमादारांचा मुलगा फार गंभीरपणे म्हणाला, "मग महाराजांची दिवाळी झाली कशी? बंदोबस्ताला नको कुणी?" पाहुणे हसले. आम्हां मुलांना त्यात हसण्यासारखे काय आहे ते कळले नाही.

दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे आणखी एक दिवस येई. भिंतीवरच्या कॅलेंडरात तो लाल अक्षरांत नसे. २१ ऑक्टोबर. २०२५ साली तर तो आणि लक्ष्मीपूजन एकाच तारखेला आले, आणि मला लायन फार आठवली.

नायगावला पोलीस हुतात्मा मैदान आहे. त्या दिवशी सकाळी तिथे परेड होते. बंदुका उलट्या धरतात, बिगूल वाजतो, आणि मग वर्षभरात देशात जे पोलीस कर्तव्य बजावताना गेले त्यांची नावे वाचतात. एकेका राज्याची यादी, एकेक नाव. लाउडस्पीकरवरून ती नावे आमच्या चाळीपर्यंत येईतो अर्धी वाऱ्यावर जात. मी ऐकत असे त्या वर्षांत पंजाबची यादी लांबलचक असे. संपली असे वाटावे तो पुन्हा सुरू होई. आई नेमकी त्याच वेळी भांडी घासायला घेई आणि रोजच्यापेक्षा जोराने घाशी. तिने ती यादी कधी शेवटपर्यंत ऐकली असेल असे मला वाटत नाही. यादीत आपले कुणी नव्हते, याचा आनंद मानावा की मानू नये, हे तिला ठरवता येत नसावे.

या दिवसाचे मूळ लडाखात आहे. १९५९ साली तिकडच्या सीमेवर सैन्य नव्हते, पोलीस होते. हॉट स्प्रिंग्ज नावाच्या ठिकाणाहून २० ऑक्टोबरला टेहळणीला तीन तुकड्या निघाल्या. दोन परतल्या. तिसरीत दोन शिपाई व एक हमाल होता, ती परतली नाही. दुसऱ्या दिवशी करमसिंग नावाचे अधिकारी वीसेक माणसे घेऊन त्यांना शोधायला गेले, तेव्हा टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी गोळीबार केला. दहा जण ठार झाले. त्यांचे देह चिन्यांनी १३ नोव्हेंबरला परत दिले. मधे दिवाळी येऊन गेली होती. हरवलेल्या तिघांना शोधायला गेलेली ही माणसे. मला त्या प्रसंगातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि भाषणांत तो सहसा येत नाही.

पुढे मी मॅट्रिक झाले (दहावीला आमच्या घरात शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत), चित्रकलेच्या शिक्षकाची पदविका घेतली आणि सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यातल्या एका शाळेत ड्रॉइंगच्या बाई म्हणून लागले. गाव आमचे मूळचे तिकडचेच. आण्णा निवृत्त होऊन आईसह तिथे येऊन राहिले. बाकीच्या वेळात मी कादंबऱ्या लिहिते; त्याबद्दल इथे काही सांगण्यासारखे नाही.

जावळीचे खोरे म्हटले की लोकांना चंद्रराव मोरे आठवतात, प्रतापगड आठवतो, अफझलखान आठवतो. आम्हां तिथल्या माणसांना आठवते ती मुंबईची एस. टी. डोंगर उभा, पाऊस कोसळणारा, भाताची खाचरे ओंजळीएवढी. त्यामुळे घरटी एक तरी पुरुष मुंबईला. कुणी गोदीत, कुणी माथाडी, पूर्वी गिरणीत. ज्याची छाती भरेल तो पलटणीत किंवा पोलिसांत. तुकाराम गोपाळ ओंबळे हे याच तालुक्यातल्या केडंबे गावचे. आधी लष्करात होते, नाईक म्हणून निवृत्त झाले, आणि १९९१ साली मुंबई पोलिसांत भरती झाले. २००८ साली ते डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरच्या ठाण्यात सहायक फौजदार होते. जुने लोक त्या रस्त्याला लॅमिंग्टन रोड म्हणतात, आण्णाही म्हणत. आण्णांची आणि त्यांची कधी गाठ पडली नव्हती. जावळीची दोन माणसे एकाच दलात असून एकमेकांना ओळखत नाहीत, इतके ते दल मोठे आणि इतके ते शहर मोठे.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र बहुतेकांनी दूरदर्शन संचापुढे काढली; आम्हीही काढली. समुद्रातून दहा जण आले होते. त्यांतले दोघे छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार करून कामा हॉस्पिटलकडे वळले होते. पडद्यावरच्या बातमीदारांना रस्त्यांची नावे नीट सांगता येत नव्हती आणि आण्णा खुर्चीतून पुढे वाकून ती दुरुस्त करीत होते. "ती रंगभवनची गल्ली. त्येच्या पुढं मेट्रो." एका क्वालिस गाडीवर त्या गल्लीत गोळ्या झाडल्या गेल्या आणि हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे तीन अधिकारी व त्यांचे साथीदार पडले. मारेकरी तीच गाडी घेऊन पुढे गेले. मागच्या बाजूला मेलेल्या साथीदारांत एक जखमी शिपाई जिवंत पडून होता. टायर निकामी झाले म्हणून त्या दोघांनी क्वालिस टाकली आणि एक रुपेरी स्कोडा बळकावली, तेव्हा त्या शिपायाने बिनतारी यंत्रावरून ठाण्यांना कळवले. नाहीतर त्या गाडीची वाट कुणी पाहिली असती?

इथपर्यंत आण्णा बोलत होते. चौपाटीचे नाव आले तेव्हा ते गप्प झाले, कारण नाकाबंदी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होते.

आम्ही मोटारीतून जाताना नाकाबंदी पाहतो ती आतून. लोखंडी कठडे आडवे लावलेले असतात, एक शिपाई हाताने थांबायची खूण करतो, विजेरीचा झोत तोंडावर येतो, आपण कपाळाला आठी घालतो. आण्णांनी ती बाहेरून पाहिली होती, तीस वर्षे. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "गाडी हुबी ऱ्हायली की कुणीतरी म्होरं जायाचं आसतंच. गाडीत कोण हाय ते ठावं नसतं. दर गाडीला ठावं नसतं. पर कुणीतरी म्होरं जातो." मग थोडे थांबून म्हणाले, "बहुदा काठीवालाच जातो."

मध्यरात्र उलटून गेली होती. म्हणजे पंचांगाप्रमाणे नाही तरी इंग्रजी तारखेप्रमाणे २७ नोव्हेंबर लागला होता. पुढे काय झाले ते न्यायालयात तपशीलवार शाबीत झाले आहे. स्कोडा मरीन ड्राइव्हने आली आणि कठड्यांपासून पन्नासेक फुटांवर थांबली. गाडीवाल्याने मोठे दिवे लावले आणि समोरच्या काचेवर पाण्याचे फवारे सोडून पुसण्या चालू केल्या, म्हणजे आतले दिसू नये. मग गाडी वळवून पळण्याचा प्रयत्न केला, तो रस्त्याच्या दुभाजकावर जाऊन अडकला. पोलीस दोन्ही बाजूंनी धावले. काही अधिकाऱ्यांकडे पिस्तुले होती, बाकीच्यांकडे काठ्या. चालवणारा गोळीबारात मेला. शेजारी बसलेला कसाब हात वर केल्यासारखे करून दार उघडून बाहेर आला, खाली पडला, आणि पडल्या जागेवरून त्याने बंदूक रोखली. ती एके-४७ होती. ओंबळ्यांच्या हातात बंदूक नव्हती. ते पुढे झाले आणि त्यांनी त्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली.

एवढेच. गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या. किती, ते प्रत्येक वर्तमानपत्र वेगळे सांगते आणि मला तो आकडा मोजावासा वाटत नाही. नळी त्यांनी सोडली नाही. मागच्यांना पुढे यायला जो वेळ लागला तो त्यातून मिळाला. बाकीचे त्या माणसावर तुटून पडले आणि तो जिवंत हाती आला.

"नळी तापलेली आसती," आण्णा म्हणाले. "चार गोळ्या सुटल्या की हात लावून दावा. भाजतो." आण्णांना बंदुकीची आवड मुळीच नव्हती, पण तिची माहिती होती. ते हे वाक्य पुढे कितीतरी दिवस अधूनमधून म्हणत. जेवताना मधेच म्हणत. पत्नीला, मुलीला, दाराशी आलेल्या दूधवाल्याला.

दहांपैकी नऊ मेले, एक जिवंत राहिला. त्या रात्रींत १६६ माणसे मारली गेली होती, आणि ती कुणी मारली, कुठून आले, कुणी पाठवले, हे सांगणारे एकच तोंड उरले होते. त्या लोकांजवळ खोट्या नावांची ओळखपत्रे सापडली. माणूस मेला असता तर मागे ते कागद उरले असते. चिडलेल्या जमावाच्या आणि चिडलेल्या पोलिसांच्या हातून तो तिथेच मेला नाही, याचे श्रेय त्याला मारू नका म्हणणाऱ्या तिथल्या एका जखमी अधिकाऱ्याला आहे. तेही लोक विसरतात. मग खटला झाला. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली, २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला ती पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात अमलात आली. चार वर्षे एका देशाने एका मारेकऱ्याला वकील दिला, साक्षीदार उभे केले, निकालपत्र लिहिले. त्यावर पुष्कळांनी नाके मुरडली. मला ती चार वर्षे त्या नळी धरलेल्या हातांचीच पुढची हालचाल वाटते. पोलीस माणसाला धरतो आणि न्यायाधीशापुढे नेऊन उभा करतो. त्याचे काम ते. ओंबळ्यांनी ते काम केले, फक्त न्यायालयापर्यंत त्यांना चालत जाता आले नाही.

२६ जानेवारी २००९ ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. करकरे, कामटे, साळसकर यांनाही त्याच दिवशी. तिघे मोठे अधिकारी आणि चौथा सहायक फौजदार. चौपाटीवर त्यांचा पुतळा उभा आहे. केडंब्यात स्मारक व्हावे म्हणून २०२५ साली सरकारने पैसा मंजूर केला.

आमच्या भागात व्याख्याते आले की ते ओंबळ्यांना हटकून मावळा म्हणतात. जिवा महालाने सय्यद बंडाचा वार अडवला, तसाच हा, असे म्हणतात, टाळ्या पडतात. मुलूख एकच आहे, त्यामुळे उपमा सोपी जाते. मला ती थोडी खटकते. जिवा महाला हत्यार घेऊन, काय घडणार हे जाणून गेला होता. ओंबळे रात्रपाळीला गेले होते. घरी डबा परत यायचा होता, सकाळी पाळी संपायची होती. इतिहासातल्या माणसाला निदान आपण इतिहासात उभे आहोत याचा वास येत असेल. नाकाबंदीवरच्या माणसाला पुढच्या गाडीचा नंबर तेवढा दिसतो. माझ्या मते तो मावळ्यापेक्षा कमी नाही आणि मावळाही नाही. तो पोलीस आहे. त्या शब्दात काय कमी आहे?

त्यांच्या स्मरणार्थ झालेल्या सगळ्या गोष्टींत मला मनापासून आवडलेली गोष्ट मात्र फार लहान आहे, नखाएवढी. ठाण्याच्या बाजूला संशोधकांना कोळ्याची एक नवी जात सापडली आणि २०२१ साली त्यांनी तिला ओंबळ्यांचे नाव दिले: आयसियस तुकारामी. हा उडी मारणारा कोळी आहे. असले कोळी जाळे विणून त्यात सावज पडण्याची वाट पाहत नाहीत. ते पाहतात, जवळ जातात आणि झेप घेतात. मी तो फळ्यावर मोठा काढून पोरांना दाखवला. पोरांनी आठ पाय मोजून घेतले, आणि एकाने विचारले, "बाई, ह्याला पण पगार होता का?" वर्गात हशा पिकला. मुलगा पोलिसाचाच होता. त्याच्या घरात तो प्रश्न नेहमीचा असावा.

दरवर्षी एकदा मी मुलांना 'पोलीस' हा विषय चित्राला देते. बरीच वर्षे देते आहे. टोपी सर्वांना जमते. मिशा जमतात, पट्टा जमतो, पोट तर फारच जमते. काठी नेहमी माणसापेक्षा लांब निघते. हात मात्र कुणाला जमत नाहीत. हात काढणे ही चित्रकलेतली सर्वांत अवघड गोष्ट. म्हणून मुले युक्ती करतात आणि पोलिसाचे हात पाठीमागे बांधतात किंवा खिशात घालतात. आठवीतल्या एका मुलीने एका वर्षी पोलीस काढलाच नाही. तिने कागदभर दोन हात काढले आणि त्या हातांत एक नळी. मागे थोडा समुद्र. चित्र तसे बेतासबात होते. एका हाताला सहा बोटे झाली होती. मी विचारले, "अगं, माणूस कुठाय?" ती म्हणाली, "बाई, बाकीचं काढायला जागा उरली नाही."

ती मुलगी आता बारावी होऊन घरी आहे. तिचे नाव मी इथे घालीत नाही; ते भरतीच्या यादीत यायचे आहे, तिथेच आधी यावे. वडील वाशीच्या बाजारात माथाडी, पंधरवड्याने गावी येतात. हिला पोलीस व्हायचे आहे. उंची १५५ सेंटीमीटर लागते, तिची १५८ आहे. मैदानावर आठशे मीटर पळायचे, शंभर मीटर पळायचे, गोळा फेकायचा, त्याचे ५० गुण, मग लेखी. हे सगळे तिने मला तोंडपाठ म्हणून दाखवले. एके काळी मला तिला सहा बोटे का नसतात ते समजवावे लागले होते.

यंदा पावसाळ्यात तिची आई माझ्याकडे आली. छत्री दाराशी मिटवून बसली, चहा घेतला नाही. म्हणाली, "बाई, तुमचं ती ऐकती. तिला सांगा नको म्हणून. डी. एड. कर म्हणावं, नर्सिंग कर म्हणावं." मी म्हटले, "नोकरी चांगली आहे." ती म्हणाली, "चांगली हाय ते मला कळतंय. ओंबळे सायबांचं गाव आमच्या माहेराकडंच हाय. त्यांचं नाव झालं. मोठं नाव झालं. आमच्या घरात कुणाचं नाव नको व्हायला, बाई."

या वाक्याला मी काय उत्तर द्यावे? मी कर्तव्यावर निबंध लिहून घेणारी शिक्षिका आहे, तिची मुलगी नाकाबंदीवर उभी राहणार आहे. त्या यादीला अंत नाही, हेही मला ठाऊक आहे. दिल्लीला २०१८ साली पोलिसांचे राष्ट्रीय स्मारक झाले, तिथल्या भिंतीवर चौतीस हजारांहून जास्त नावे कोरली आहेत. आपल्या गडचिरोलीत, लाहेरीला, ८ ऑक्टोबर २००९ ला सतरा पोलीस मारले गेले. दिवाळी नऊ दिवसांवर होती. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात आणखी पंधरा. त्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी पाणी तापवून ठेवले होते. हे सगळे माझ्या ओठांवर आले आणि त्यातले एकही बाहेर पडले नाही. मुलीला भ्याड हो असे मी सांगू शकत नव्हते, आणि आईला शूर हो असे सांगायचा मला अधिकार नव्हता.

आई आतल्या खोलीत तांदूळ निवडीत होती. आण्णा २०१६ साली गेले. घरात, अंथरुणावर, वयाने. आई ताट घेऊन बाहेर आली आणि तिच्याजवळ बसली. दोघी थोडा वेळ नुसत्या तांदळाकडे पाहत होत्या. मग ती बाईही खडे काढू लागली.

"तुमाला भ्या नाय वाटलं कधी?" तिने विचारले.

"रोज वाटायचं," आई म्हणाली. "तीस वर्सं वाटलं. सवय होती म्हणतात ना, ती काय होत नाय. पण स्वयंपाक करता येतो, पोरांची दप्तरं भरता येतात, एवढ्यापुरतं ते बाजूला सरकतं. बाँबस्फोट झाले त्या साली चार दिवस ह्यांचा पत्ता नव्हता. पाचव्या दिवशी आले ते जिन्यातच झोपले. मी पाय धुतले, बूट निघंना."

"आन मंग?"

"मग काय? सहाव्या दिवशी परत गेले."

ती बाई काही बोलली नाही. मला वाटले, आईने सगळा विचका केला. असे सांगून कुणी कुणाची समजूत घालते का? पण आई खडा उचलून बाजूला ठेवीत पुढे म्हणाली, "आमच्या वेळी आम्हाला कुणी इचारलंच नाय. लगीन झालं तवा कळलं नवरा पोलीस. तुझी पोरगी सोताहून चाललीय. आन ह्ये बघ, बाईमाणूस दारात पोलीस म्हणून हुबी असती तर आम्ही लायनीतल्या बायका कितीदा गेलो असतो ठाण्यात. जात नव्हतो. आपल्याच नवऱ्यांच्या ठाण्यात जायाला लाजायचो." मग एकदम तिने विचारले, "पळती किती?"

"कोन?"

"पोरगी."

त्या बाईला ते माहीत नव्हते. पहाटे ती कुठे जाते एवढे माहीत होते, किती पळते ते नव्हते.

तिने मुलीला होकार दिला की नाही मला ठाऊक नाही. असल्या गोष्टींत आमच्याकडे हो असे कुणी म्हणत नाही. मी पहाटे फिरायला जाते त्या रस्त्यावर ही मुलगी पळत असते. भाद्रपदात एके दिवशी पाहिले तर मैलाच्या दगडापाशी डोक्यावरून इरले घेऊन कुणी उभे होते. ती तिची आई होती. एका हातात विजेरी, रस्त्यावर कुत्री असतात म्हणून. दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर वेळ मोजतात म्हणून. मुलगी दगड ओलांडून गेली की ती बोटाने पडदा दाबी आणि तोंडाजवळ नेऊन आकडा वाची. मला पाहून म्हणाली, "बाई, गेल्या आठवड्यापेक्षा चार सेकंद कमी."

मग मुलगी लांबून ओरडली, "आई, परत लाव!" आणि तिने परत लावले.